४८६ ची नोंद: रिकाम्या चॅनेलवरचा खोळंबा सुटला

मंडळी, माझं ४८६ (जुना पीसी) एक पाऊल पुढे सरकलं. मेमरी मोजून झाली की स्क्रीनवर 'सेकंडरी मास्टर' एवढं यायचं आणि मशीन अर्धा मिनिट ढिम्म. सेकंडरी म्हणजे डिस्क जोडायचं दुसरं चॅनेल, आणि त्याला तर काहीच जोडलेलं नाही!

डॉसमध्ये डीबग (हार्डवेअर थेट तपासू देणारा प्रोग्राम) उघडून थेट पोर्ट वाचले. 'आय १एफ७' ला, म्हणजे पहिल्या (प्रायमरी) चॅनेलची स्थिती विचारल्यावर, उत्तर ५०, म्हणजे हार्ड डिस्क तयार आहे. 'आय १७७' ला, म्हणजे सेकंडरीची स्थिती विचारल्यावर, उत्तर एफएफ. गोम इथेच आहे. हे आकडे स्टेटस रजिस्टरचे, म्हणजे स्थिती सांगणाऱ्या आठ बिटांचे (० ते ७); त्यातला सातवा बिट म्हणजे 'बिझी'. तो १ असेल तर बाकीच्या बिटांकडे बघायचंच नाही, असा एटीएचा (डिस्क जोडणीच्या स्टँडर्डचा) नियम. मोकळ्या सोडलेल्या रेषा माझ्या डिस्क जोडायच्या कार्डावर १ म्हणून वाचल्या जातात, म्हणून आठच्या आठ बिट १. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) वाटतं डिस्क आहे, फक्त कामात आहे. रिसेटनंतर तयार व्हायला डिस्कला ३१ सेकंदांपर्यंत मुभा असते, तेव्हा तेही बिचारं थांबतं. पुढच्या काळातले बरेच बायोस एफएफ दिसलं की चॅनेल रिकामं समजतात, हे जुनं बेणं नाही समजत.

सेटअपमध्ये सेकंडरी 'नन' केलं की प्रश्न मिटतो, मान्य. पण तिथे मी कधी सीडी ड्राइव्ह लावतो, कधी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी) कार्ड. दर वेळी सेटअपमध्ये कोण शिरणार? खरा इलाज एटीएच्या स्टँडर्डमध्येच सुचवलाय: होस्टने (मशीनच्या बाजूने) डीडी७ रेषेला, म्हणजे सातव्या बिटाच्या तारेला, १० किलोओहमचा पुल-डाउन (मोकळी रेषा ० कडे ओढणारा रेझिस्टर) द्यावा. माझ्या आयएसए कार्डावर नेमका तोच गाळलाय. ४० पिनांच्या हेडरमध्ये ३ नंबरची पिन डीडी७, २ नंबरची ग्राउंड, दोघी तिरक्या शेजारी. तपकिरी-काळा-केशरी रेझिस्टर, पाय आखूड कापून, स्लीव्ह घालून कार्डाच्या मागून डाग दिला. १ नंबरची पिन रिसेटची, तिला पाय लागू देऊ नका. आणि कार्डावर एलएस मालिकेची बफर चिप (रेषांवरचा सिग्नल पुढे पोचवणारी) असेल तर १० किलोओहम पुरेलच असं नाही, कारण तिचं इनपुट स्वतःच थोडा करंट बाहेर सोडतं. आधी तात्पुरता जोडून डीबगमध्ये वाचून बघा.

आता 'आय १७७' ला ७एफ येतं, म्हणजे सातवा बिट ०, आणि बायोस लगेच पुढे जातो. प्रायमरीवरची डिस्क वेग घेईपर्यंतचे सेकंद उरलेत, ते राहू देत. तो आवाज ऐकायलाच तर मशीन ठेवलंय.

पुढचं काम, त्याच डिस्कला सीएफ कार्ड स्लेव्ह (त्याच केबलवरचं दुसरं उपकरण) म्हणून जोडणं. रिसेटनंतर स्लेव्हने ४०० मिलिसेकंदांत डॅस्प रेषा खाली ओढून आपली हजेरी लावायची असते, आणि जुन्या डिस्कांचं सीएफशी बरेचदा इथेच बिनसतं. कुणाकडे अशी जोडी चालत असेल तर डिस्कचं मॉडेल आणि जंपर कुठे लावलाय ते कळवा.