मामी, जेलचं गेट आणि लाईट बिलाची पाठ

मामेभाऊ आत गेला तेव्हा आमच्या घरात जेलबद्दलची माहिती म्हणजे सिरियलमध्ये बघितलेली तेवढीच. आता तो जामिनावर बाहेर आहे, केस चालू आहे, त्यामुळे केस काय आणि जेल कुठलं ते लिहीत नाही. पण परवा कळव्याच्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला, "अगं आमच्याकडे पण तेच झालंय, पॅरोलचा अर्ज कुठे मिळतो गं?" आणि म्हटलं हे लिहूनच टाकू.

काकू, पॅरोल नाही, जामीन. शिक्षा लागेपर्यंत माणूस कच्चा कैदी, लागली की पक्का. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे शिक्षा भोगताना मिळणारी थोड्या दिवसांची सुटी, पक्क्यांसाठी, कच्च्याचा रस्ता जामिनाचा. आम्हीही असेच गोंधळलो होतो, वकील कोर्टाबाहेर येऊन म्हणाले "एमसीआर झाला" आणि मामी तिथेच बाकावर बसून रडायला लागली, तिला वाटलं शिक्षाच झाली. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, लॉकअप, चौकशी. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस जेलमध्ये जातो, आणि जामिनाचं काम बहुतेक वेळा इथूनच पुढे सरकतं. आणि कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दिवस तिथून मोजतात. बहुतेक केसमध्ये गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांची चार्जशीट कोर्टात आली नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण चार्जशीट यायच्या आत अर्ज टाकावा लागतो, आपोआप कोणी सोडत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं नाहीतर १५१०० ला फोन करायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर गेटबाहेरचा एक जण "आत माझी ओळख आहे" म्हणून मामीकडून दोन हजार घेऊन गेला होता. त्याचं तोंड परत दिसलं नाही.

जेल कुठलं ते आधी नक्की विचारा. ठाण्याची केस म्हणजे ठाण्याचंच जेल असं नसतं, कल्याणचं आधारवाडी आहे, तळोजा आहे, आणि नाव तळोजा असलं तरी ते आहे खारघरकडे.

मुलाखतीला, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला, ओरिजिनल आधार घेऊन जा, नाव आधी नोंदवा, ई-मुलाकात पोर्टलवरूनही होतं. मामीनं पहिल्यांदा चकल्यांचा स्टीलचा डबा नेला होता, तो आत जाणार नव्हताच, परत येताना रिक्षात मांडीवर धरून बसली होती आणि झाकण सारखं दाबत होती. पैसेही हातात देता येत नाहीत, मनीऑर्डर केली की त्याच्या नावावर जमा होतात आणि तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेतो. वकीलपत्रावरची, म्हणजे वकिलाला केस चालवायला देणाऱ्या कागदावरची, सही आत जेलच्या अधिकाऱ्यासमोर होते, म्हणजे तो कागद वेळेत पोचवणं हे काम पहिलं.

त्या मुलाखतीत काचेपलीकडे तो, हातात फोन, आणि आमच्याकडे मोजून वीस मिनिटं. त्यातली बारा-पंधरा मामीनं "जेवतोस ना, झोप लागते ना" यात घालवली, आणि जामीनदार कोण राहणार हे विचारायचं राहूनच गेलं, मग पुढच्या मुलाखतीपर्यंत सगळे थांबून.

ठाण्याचं जेल मुळात किल्ला, १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथल्या कैदेतून निसटले, बाहेरचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, गाण्यातून निरोप द्यायचा म्हणे. आम्हाला धड बोलूनही निरोप देता येईना!

म्हणून दुसऱ्या वेळी मी लाईट बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. जामीनदार कोण, त्याचे कागद कुठे आहेत. वकीलपत्रावर सही झाली का. पुढची तारीख. बीपीच्या गोळ्या आत डॉक्टर देतायत का, नसतील तर जुनी चिठ्ठी वकिलाकडे द्यायची. मामीनं शाळेत हजेरी घेतात तसं एकेक विचारलं, उत्तर मिळालं की बोटानं खूण करायची. शेवटी दोनेक मिनिटं उरली तेव्हा म्हणाली, "जेवलास?"

"हो. वांग्याची भाजी होती."

वांगं दिसलं की ताटावरून उठणारा पोरगा हा. मामी काही बोलली नाही, स्टेशनला आल्यावर म्हणाली, "वांगं खाल्लं म्हणे."