अर्धा कोयता

परवा १२ जून झाला, बालकामगार विरोधी दिन. ग्रुपवर बॅनर आले, शपथ आली, कुणीतरी रॅलीचे फोटो टाकले. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, गाव डोंगरपट्ट्यातलं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण लेकरं ओळखू येतील. मला त्या रॅलीबद्दल वाईट बोलायचं नाही, करणारे मनापासून करतात. फक्त एक सांगायचंय की १२ जूनला आमच्याकडं एकही लेकरू ऊसतोडीच्या फडात नसतं. साखर कारखान्यांचे पट्टे मार्च-एप्रिलात पडलेले असतात, म्हणजे हंगाम संपलेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या गावात परत आलेल्या असतात, पोरं नदीच्या डबक्यात पोहत असतात. त्या दिवशी कुणी बालकामगार शोधायला आलं तर त्याला एकही सापडणार नाही, आणि तोच माणूस दिवाळीनंतर आला तर त्याला गावात लेकरूच सापडणार नाही, म्हातारी माणसं आणि कुत्री फक्त.

ज्यांनी हे जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, पावसाळ्यात उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर देतो, आणि मग सहा महिने ती उचल फेडत बसायचं, टनावर. फेडून शिल्लक राहिलं तर घरी आणायचं, नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं. आता या हिशोबात लेकरू कुठंच नाही, कागदावर नाही, हजेरीवर नाही, पण फडात आहे. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायला आहे, मोळीचा बंद करायला आहे, धाकट्याला सांभाळायला आहे, लांबून पाणी आणायला आहे. आणि आई आजारी पडली की दुसरा अर्धा कोयता म्हणून तेच उभं राहतं.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि आमचे एक सहकारी रजा टाकून एका कारखान्याच्या तळावर, म्हणजे टोळ्या झोपड्या घालून राहतात तिथं, गेलो होतो. तेव्हा आम्ही दोघं बालरक्षक म्हणून काम बघायचो, म्हणजे शाळाबाह्य मुलं शोधायची आणि जिथं असतील तिथल्या शाळेत त्यांना बसवायचं. खिशात शिक्षण हमी कार्डं होती. हे कार्ड म्हणजे मूल कुठल्या वर्गात आहे, काय शिकलंय याची नोंद, ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं दाखल करून घ्यायचं अशी शासनाची सोय. चांगली सोय आहे, मी आजही प्रत्येक लेकराला देतो.

तळावर कोप्या, म्हणजे त्या झोपड्या, रिकाम्या होत्या, सगळे फडात. फड शोधत गेलो तर बांधाला माझ्या वर्गातली पोरगी दिसली, पाचवीतली. मी आलोय हे तिला कळलं नव्हतं. वाढे पसरून तिनं त्याचा बंद केला, त्यावर ऊस ओढून घेतले, गुडघा रोवला आणि असा पीळ दिला की मोळी आवळून बसली, मोठ्या बाईला जमावं तसं. मग मान वर केली तर समोर मी. ती इतकी लाजली की पळून मोळ्यांच्या मागं गेली. तिचे हात नंतर बघितले. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते, मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक रेघा, काही सुकलेल्या काही ताज्या, आणि त्यात घाम जात असणार. माझ्या वर्गात याच हातानं ती मोराचं चित्र काढायची.

मी विचारलं, इथल्या शाळेत गेलीस का गं? म्हणाली, गेले होते सर चार दिवस, मग फड बदलला. शाळा इकडं राहिली आणि फड गेला पाच किलोमीटर तिकडं, आणि धाकटा भाऊ कुणापाशी ठेवायचा. तिची आई कोपीत पडून होती, कंबर धरलेली, उभं राहवत नव्हतं. बाप मान खाली घालून म्हणाला, "सर, उचल एका कोयत्याची घेतलीय. अर्ध्यावर कशी फेडू तुमीच सांगा." पहाटे साडेतीनला उठून ती पोरगी भाकरी थापत होती, दिवस उजाडायच्या आत फडात, दुपारी वाढ्याच्या पेंढ्या विकायला रस्त्यावर, कारण त्या पेंढ्यांचे जे पैसे येतात त्यावर मीठ-मिरची चालते. शिक्षण हमी कार्ड मी तिच्या हातात दिलं, तिनं ते कोपीत पत्र्याच्या पेटीत ठेवलं. मला त्या माणसावर रागवता आलं नाही आणि तिथून तसंच निघताही येईना.

घरी आल्यावर मी कायदा वाचून काढला, खरंच, आधी कधी पूर्ण वाचला नव्हता. १९८६ चा बालकामगार कायदा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांच्या आतलं मूल कुठल्याच कामावर लावायचं नाही, १४ ते १८ ला धोक्याच्या कामावर लावायचं नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० हजार ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलानं हातभार लावला तर चालतो, तेही धोक्याचं काम नसेल तर. आईबापाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, आणि ते बरोबरच आहे. तर या कायद्यात मालक लागतो. हॉटेलात कप धुणारा पोरगा असेल तर मालक गल्ल्यावर बसलेला दिसतो, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला की पथक येऊ शकतं, मूल बालकल्याण समितीपुढं जातं, मालकावर गुन्हा होतो. ते व्हायलाच पाहिजे. पण फडात मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार तोडणी-वाहतूकवाल्याशी, तो म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मी उचल नवरा-बायकोला दिली, पोरं त्यांनी आणली. मग राहिला बाप. त्याला आधीच उचलीनं बांधलंय. आणि हा घरचा धंदा आहे असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही, ऊस दुसऱ्याचा, जमीन दुसऱ्याची, साखर तिसऱ्याची, यात घरचं काय, घरचं फक्त लेकरू.

वाचताना एक गोष्ट मनाला भिडली ती सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालातली, शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांतल्या मुलांवरून आलेलं प्रकरण, एम. सी. मेहता यांची याचिका. कोर्टानं सांगितलं की ज्यानं मूल राबवलं त्यानं प्रत्येक मुलामागं २० हजार रुपये पुनर्वसन निधीत भरायचे, आणि सरकारनं त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यायचं, काम देता येत नसेल तर ५ हजार रुपये निधीत टाकायचे. म्हणजे मूल कामावरून काढलं की त्याच्या जागी घरात काय जाणार याचा विचार कोर्टानं केला होता. मला वाटतं सगळा प्रश्न तिथंच आहे. मूल सोडवणं एका दिवसाचं काम आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चूल कशावर पेटणार हे सहा महिन्यांचं काम आहे.

राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पातही तो विचार होता. १९८८ ला नऊ जिल्ह्यांत सुरू झाला, नंतर देशभर वाढला. कामावरून काढलेल्या ९ ते १४ वयाच्या मुलांना वेगळ्या केंद्रात शिकवायचं, जेवण द्यायचं, महिन्याला विद्यावेतन द्यायचं, आधी १०० रुपये, मग १५०, शेवटी ४००, आणि तयारी झाली की नेहमीच्या शाळेत बसवायचं. चारशे रुपयांत घर चालत नाही हे मलाही कळतं, पण कमावत्या लेकराच्या घराला काहीतरी द्यावं लागतं हे तरी त्यात मान्य केलेलं होतं. एप्रिल २०२१ पासून तो प्रकल्प समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत विलीन केला. जनगणनेत २००१ ला ५ ते १४ वयाची १ कोटी २६ लाख मुलं कामावर होती, २०११ ला १ कोटी १ लाख. आकडा उतरला याचा आनंदच आहे. पण माझ्या वर्गातली ती पोरगी मोजणीवाल्यानं घर विचारल्यावर "पाचवीत शिकते" अशीच लिहिली गेली असती, हजेरीपटावर तिचं नाव होतंच ना.

आधी कारखान्यांवर साखरशाळा होत्या, तळावरच भरायच्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आल्यावर बहुतेक बंद झाल्या, मुलांनी जवळच्या शाळेतच जावं असं ठरलं. तत्त्व चांगलं आहे पण फड चालता असतो आणि शाळा एका जागी असते, ते मी डोळ्यानं बघून आलो.

आमच्याकडं खऱ्या अर्थानं जे लागू पडलं ते हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह असलं तरी तशी इमारत वगैरे नसते. मूल गावातच राहतं, आजी-आजोबाकडं नाहीतर चुलत्याकडं झोपतं, आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. गावातलीच एक बाई स्वयंपाक करते. संध्याकाळी जेवणाआधी मुलं वर्गात अभ्यासाला बसतात, थंडीत दार लावून ट्यूबखाली. तेल, साबण मिळतं. बस एवढंच. पण म्हाताऱ्या माणसाला एवढाच आधार हवा असतो. त्या पोरीच्या आजीनं मला त्याच वर्षी सांगितलं होतं, "गुरुजी, पोरगी ठिवायला मी नाय म्हनत नाय. पर माझंच शेजारी वाढत्यात तव्हा खाते मी. तिला काय घालू?" पुढच्या वर्षी शाळेत चूल पेटली आणि पोरगी राहिली. सहावीचं पूर्ण वर्ष तिनं एका जागी काढलं, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. जानेवारीत तिचे हात बघितले मी, नितळ होते.

आता मोठी झालेल्यांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं एक मुलींचं एक, प्रत्येकी शंभर. आमची पोरगी आता तालुक्याला तिथंच आहे, नववीत. मुलींसाठी हे किती मोठं आहे हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल, कारण चौदा-पंधरा झाली की लग्न लावून देतात, जोडी झाली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते म्हणून. तिच्या बरोबरच्या दोघींची झाली. त्या आता दर हंगामाला फडात जातात, एकीच्या कडेवर लेकरू आहे.

एवढं चांगलं असून अडतं कुठं ते सांगतो, आणि हे कुणीतरी वरच्यानं वाचावं म्हणूनच ही पोस्ट लिहायला घेतली. हंगामी वसतिगृहाचं सगळं वेळापत्रक टोळी निघण्यावर बसवलेलं आहे. दसऱ्याच्या आसपास सर्वे करा, याद्या द्या, प्रस्ताव द्या, मग मंजुरी. एका वर्षी आमची मंजुरी आली तेव्हा ट्रक जाऊन तीन आठवडे झाले होते. मी रात्री ट्रक भरताना उभा होतो, चूल, सरपण, बाजरीची गोणी, कोंबड्यांची डालगी, प्लास्टिकचा कागद, वर शेळी आणि त्याच्या वर माझ्या वर्गातली सात लेकरं. बापांना मी काय सांगणार होतो, थांबा, कागद येतोय?

पण खरं तर ट्रकच्या वेळेलाही उशीर झालेलाच असतो. उचल घेतात जून ते सप्टेंबरमध्ये, पेरणीला, लग्नाच्या देण्याला, दवाखान्याला. घरातून कोण कोण येणार ते तेव्हाच मुकादमापुढं ठरतं. बाईची तब्येत बरी नसली तर "पोरगी हाय की संगं" असं म्हणून कोयता पूर्ण धरला जातो. म्हणजे लेकरू दिवाळीत नाही जात, ते पावसाळ्यातच गेलेलं असतं, माझ्यासमोर बाकावर बसून पाढे म्हणत असतं तेव्हाच. म्हणून मंजुरी जुलैत पाहिजे. लेखी, गावात वाचून दाखवता येईल अशी, अमुक तारखेपासून चूल पेटणार, इतक्या लेकरांची सोय आहे. मग बाप मुकादमाला सांगू शकतो की पोरगी शाळेत राहणार आहे, अर्धाच कोयता धरा. आणि ज्या घरात आई आजारी आहे तिथं उचल कमी पडणार, त्याचं काय करायचं हेही तेव्हाच बघता येतं, रोजगार हमीचं काम, निराधारची पेन्शन, जे बसेल ते. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीनं तसा ठराव केला आहे, दोन वर्षं झाली, दरवर्षी पाठवतो. बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांनीही करावा, मसुदा पाहिजे असेल तर मागा, मी देतो.

शाळा उघडायच्या आधी मी यादी करायला घरोघर जातो, या रविवारी निघालो होतो. त्या पोरीचा धाकटा भाऊ, तेव्हा बांधावर पोत्यावर झोपलेला असायचा तो, आता यंदा पहिलीत येतोय. आजी ओट्यावर बसली होती, डोळ्यानं आता कमी दिसतं तिला, आवाजावरून ओळखलं. पोरगा बाहेरच खेळत होता. म्हणाली, "गुरुजी, मुकादम परवा येऊन गेला. ल्योक म्हनतोय याला बी न्यावं का ठिवावं. तुमची चूल कव्हा पेटायची तेवढं सांगा, म्या त्याला तसं सांगते."

मी म्हटलं, आजी, पंधरा दिवस थांबायला सांगा त्याला. वहीत तिच्या नातवाच्या नावापुढं मी पेन्सिलनं लिहिलंय, "मुकादमाला उत्तर द्यायचं आहे, जूनअखेर."