खाकी कात्रणांचं दुपटं

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९१)

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला शिवणाच्या बाई म्हणाल्या, "उद्या येताना घरातली कात्रणं घेऊन या. बाळाचं दुपटं करायचंय." माझ्या पोटात गोळा आला. कात्रणांना आमच्याकडे तोटा नव्हता, पण ती कसली? आई शाळांचे गणवेश पीसवर शिवायची. पहाटे तिचं मशीन सुरू झालं की आम्हाला जाग यायची. मशीनखाली खाकी, पांढऱ्या, आकाशी चिंध्यांचा ढीग. बाकीच्या मुली खणांचे, इरकलीचे तुकडे आणणार आणि मी हे! तरी पिशवी भरली आणि दप्तराच्या तळाशी दाबून नेली.

बाईंनी ती टेबलावर ओतली. एक तुकडा उचलून उभा ओढला, आडवा ओढला, मग तिरका. "बघा गं. उभ्या धाग्यात कापड हलत नाही, आडव्यात जरासं सुटतं, तिरकं मात्र रबरासारखं ताणतं. तिरका तुकडा कडेला लावाल तर कड लाटेसारखी होईल. तो मधे घ्यायचा." सगळा वर्ग माझ्या चिंध्यांकडे बघत होता. त्या दिवसापासून मी पिशवी हातात धरून नेऊ लागले.

आमच्या वर्गात या एका वस्तूची तीन नावं होती. आम्ही वाकळ म्हणायचो, कानडी घरातली मैत्रीण कौदी आणि तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरातली बोंत. कुणाचं बरोबर यावरून वाद झाला, तेव्हा बाईंनी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि म्हणाल्या, "टाका एकच आहे, धावदोरा." सोलापूर म्हटलं की मला अजून तो फळा आठवतो.

काम सोपं नव्हतं. बाईंनी आधी सगळे तुकडे धुऊन आणायला लावले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, सूत-पॉलिएस्टरचं टेरिकॉट फारसं आटत नाही. दोन्ही न धुता शेजारी शिवली तर पुढे सुरकुत्या पडतात. आत घालायला मी आजोबांचं जुनं धोतर नेलं. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये ते साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. धोतर इतकं मऊ झालं होतं की सुई आपोआप आत शिरायची. एका मुलीनं पाठीला चादरीचा तुकडा आणला होता. आपली सोलापुरी चादर दुहेरी विणीची, दोन्ही अंगांनी नक्षी दिसते ती त्यामुळेच. पण तिच्यात सुई जाईना, बोटं सोलली. मग बाईंनीच तिला जुनं लुगडं आणून दिलं.

शिवायला सुरुवात कडेपासून. तुकड्याची कड आत दुमडायची, शेजारच्यावर अर्धा बोट चढवायची आणि चौकोनात फिरत फिरत आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. गाठ वर दिसू द्यायची नाही, दोन पदरांच्या मधे ओढून घ्यायची. माझे टाके पहिल्या बाजूला वाकडे, दुसऱ्या बाजूला जरा बरे, चौथ्या बाजूला मात्र बाईंनी नुसतं बोट फिरवलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. ती मला मिळालेली मोठी शाबासकी होती.

मधे फूल करायला मी मैत्रिणीकडून लाल तुकडा मागून घेतला आणि घाईत तो धुवायचा राहिला. दुपटं पहिल्यांदा भिजवलं आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग उतरले. मी रात्रभर रडले. बाईंनी ओरडायचं सोडून मला अख्खं फूल उसवायला लावलं. लाल कापड वेगळ्या पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत पाच वेळा धुतलं आणि पुन्हा लावलं. डाग फिके झाले, गेले नाहीत.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेआधी शाळेत प्रदर्शन भरलं. आई काम अर्धं टाकून आली. तिनं दुपट्याची वरची बाजू बघितलीच नाही. उलटं केलं, खिडकीपाशी नेलं आणि पाठीचे टाके बघत राहिली. मग तो खाकी तुकडा अंगठ्यानं दाबून म्हणाली, "हा खिशाच्या कापातला." इतकी वर्षं तिनं शिवलेले खिसे दुसऱ्यांच्या पोरांच्या अंगावर गेले होते. तिच्या कापातलं काही घरात जपून ठेवलेलं ते पहिलंच.

आता मी शिवण शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिलं काम दुपट्याचंच देते, आणि तुकडा उभा, आडवा, तिरका ओढून दाखवताना हात बाईंसारखेच चालतात. गावात गणवेशाचे कारखाने वाढले, कात्रणं पोत्यानं निघतात. ती जाळलेली बघवत नाहीत, म्हणून जमतील तेवढी घेऊन येते.

शाळेच्या महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी ते पहिलं दुपटं देते आहे. माझी दोन्ही मुलं त्यावर निजली. धुऊन धुऊन आकाशी रंग पांढऱ्यात मिसळला, गुलाबी डाग आता शोधावे लागतात. खाकी मात्र टेरिकॉटची, जशीच्या तशी आहे. मांडताना पाठ वर ठेवा, एवढीच विनंती.