मुलगा चांगला होता, मग लग्न का मोडलेस?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. मावशीने विचारले, शाळेतल्या बाईंनी विचारले, दारव्ह्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनीही विचारले. तो निर्व्यसनी होता, पुण्यात नोकरीला होता, आमचे तीन वर्षांचे प्रेम होते आणि त्याने मला एकदाही दुखावले नाही. हे सारे खरे आहे, म्हणूनच उत्तर देणे जड जाते.

माझे वऱ्हाडी 'मले-तुले' त्याला आवडायचे. ते बदल, असे तो कधी म्हणाला नाही. चुकले की टोकत जा, असे मीच त्याला सांगितले होते. तो टोकत गेला, मी सुधारत गेले आणि हळूहळू त्याच्या एका 'बरोबर'वर माझा दिवस बरा-वाईट ठरू लागला.

त्याचे आईवडील आमच्या गावी यायचे होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी आई सांबार निवडत होती आणि मी समोर बसून तिला शिकवत होते, की सांबार नाही, कोथिंबीर. आलू नाही, बटाटे. 'बसा ना जी' नाही, नुसते 'बसा'. कापूस वेचून बोटे ओरबाडलेली माझी आई एकेक काडी खुडताना 'कोथिंबीर, कोथिंबीर' असे पुटपुटत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने कौतुकाने विचारले, "पोहे छान झालेत, काय काय घातलंत?" वेचणीच्या बायांना दिवसभर हसवणारी आई माझ्याकडे पाहू लागली. उत्तर मी दिले. पाहुणे जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री भांडी घासताना तेवढे म्हणाली, "माह्या तोंडून काई चुकलं तं नाई ना वं?"

आठ दिवसांनी मी नकार कळवला.

बी.एड.ला असताना मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मोजणारी १९६५ची १० विधाने आम्ही सोडवली होती. आपली किंमत निदान इतरांइतकी तरी आहे, या आशयाच्या विधानापुढे मी 'पूर्ण सहमत' लिहिले होते. ती मुलगी आईला कोथिंबीर पाठ करायला लावणारी नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. पुढे मानसशास्त्रज्ञ सँड्रा मरे यांचे संशोधन वाचले : स्वतःला कमी लेखणारी माणसे जोडीदाराच्या मनातली आपली किंमतही आहे त्याहून कमीच धरतात. म्हणजे त्याच्या घरी सांबार कदाचित हसून स्वीकारलेही गेले असते आणि मी ती संधीच दिली नाही. "माझं काय चुकलं?" या त्याच्या प्रश्नाला मी "काही नाही" म्हटले, ते खरेच होते. तरीही त्याच्यासोबत असताना मी जी होत चालले होते, तिच्याबरोबर मला राहता आले नसते. हे कारण पुरेसे आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मी घरी असले, की आई अजूनही कोथिंबीरच म्हणते.