तोंड मिट

जेवण झालं की दुपारी पंख्याखाली लोळत मोबाईल बघायचा, हा आमच्याकडचा आता कुळाचारच. परवा त्यात एक मासा समोर आला, स्नाइप ईल, खोल समुद्रातला. अटलांटिक, पॅसिफिक, आपला हिंदी महासागर, सगळीकडे असतो म्हणे. लांबी दीड मीटरपर्यंत आणि जाडीला म्हणाल तर पायजम्याची नाडी. तोंडाला लांब चोच, पण तिची टोकं बाहेर वळलेली, वरचं वर आणि खालचं खाली, म्हणजे ते तोंड पूर्ण मिटतच नाही.

मला आज्जी आठवली. लहानपणी रामकुंडावर गेलो की मी तिथेच चिकटायचो. पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडायची, तळाशी घासत घासत ओढायची, मग गाळ निथळत तो वर यायचा आणि त्याला एखादं नाणं, गंजका खिळा, कुणाच्या तरी केसातली पिन. नाणं आलं की पोरगं ते चड्डीला पुसून गालात ठेवायचं, कारण हात पुढच्या फेरीला मोकळे पाहिजेत ना! आणि मी आ वासून. मागून आज्जी, "मिट ते तोंड, माशी जाईल!"

माशी कधी गेली नाही. पण सवयही गेली नाही, अजून सुईत दोरा ओवायचा तरी माझं तोंड आधी उघडतं.

आणि या पठ्ठ्याचं पोटच त्यावर चालतं. चोचीत आत वळलेले बारीक बारीक दात, कोळंबीसारख्या जिवांच्या लांब मिशा त्यात अडकतात आणि खेळ खल्लास. नर वयात आला की मात्र दात गळतात, चोच आखडते, इतका बदलतो की पूर्वी त्याला वेगळीच जात समजायचे. एकदा वीण झाली की मरतात असं मानतात. हे वाचून जरा गप्पच झालो.

गुदद्वार गळ्यापाशी, ते राहू दे. पण मणके ७५० पर्यंत! आपले ३३, आणि त्यातला खालचा एकच, स्कूटर खड्ड्यात आदळली तेव्हापासून मला रात्री कुशीवर वळू देत नाही. त्याचा एखादा दुखायला लागला तर नेमका कुठला ते तरी कळत असेल का त्याला?