चढणीची वही : ग्लांदोंनंतरचे 35 किलोमीटर

मागच्या नोंदीत चढणीची काठिण्यपातळी मोजण्यासाठी मी एक साधे सूत्र मांडले होते : लांबी गुणिले सरासरी चढाच्या टक्क्यांचा वर्ग. या महिन्यात ते 2024 च्या महिला टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीच्या आठव्या, म्हणजे अखेरच्या टप्प्याला लावून पाहिले. टप्प्याच्या शेवटच्या, 21 वळणांच्या आल्प द्युएझ चढणीला (13.8 किमी, 8.1 टक्के) 905 गुण मिळाले, तर त्याआधीच्या ग्लांदों खिंडीला (19.7 किमी, 7.2 टक्के) 1021. नावाचा दबदबा आल्प द्युएझचा असला, तरी पाय मोडणारी चढण आधीची होती, हे कागदावर आले तेव्हा फार समाधान वाटले.

ते समाधान शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहीपर्यंतच टिकले. सूत्राप्रमाणे निकाल ग्लांदोंवर लागायला हवा होता, आणि डेमी व्होलरिंगचा डावही तोच होता. पाचव्या टप्प्यात पडल्यामुळे पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, गमावलेली व्होलरिंग या दिवशी आघाडीवरच्या काशा न्येव्यादोमापेक्षा एकूण वेळेत 75 सेकंदांनी मागे होती. ग्लांदोंचा माथा जवळ येताच, अंतिम रेषा 50 किलोमीटरहून दूर असताना, तिने हल्ला चढवला आणि न्येव्यादोमाला तिचे चाक धरता, म्हणजे तिच्या लगेच मागे टिकता, आले नाही. मात्र माथ्यापासून आल्प द्युएझच्या पायथ्यापर्यंत सुमारे 35 किलोमीटरचा उतार आणि सपाट दरी आहे, जिला माझे सूत्र शून्य गुण देते. तिथे पुढे राहून वारा अंगावर कोण घेतो आणि मागे आडोशात कोण दम राखतो, यालाच किंमत असते. व्होलरिंगच्या सोबतीला दुसऱ्या संघाची पॉलीना रोईयाकर्स होती, पण पुढे राहून ओढण्याचा बहुतांश भार एकट्या व्होलरिंगवर पडला. उलट मागच्या गटात ल्युसिंडा ब्रांट आपल्या संघातील गाया रेआलिनीसाठी जोर लावत होती, आणि त्या आडोशाचा फायदा न्येव्यादोमालाही आपसूक मिळाला. महिलांच्या या शर्यतीत संघात सातच खेळाडू असतात. मोठ्या घाटात बहुतेक दावेदार एकट्या पडतात, म्हणून परक्या संघाची अशी एक सायकलपटूही मला निर्णायक वाटते.

शेवटचा हिशेब मी वहीत ठळक लिहिला आहे. व्होलरिंगने टप्पा जिंकला, न्येव्यादोमा 61 सेकंदांनी चौथी आली; 75 मधून 61 आणि टप्पा जिंकणारीच्या एकूण वेळेतून कमी होणारे 10 बोनस सेकंद वजा केले, की उरतात 4. तेवढ्या फरकाने न्येव्यादोमाने टूर जिंकली. आल्प द्युएझवर ती किती झुंजली, हे कोणत्याही सूत्रात बसणार नाही, आणि ते बसवण्याचा प्रयत्नही मी करणार नाही.

सूत्रात आता दोन रकाने वाढवले आहेत : चढणीनंतरचे सपाट अंतर आणि माथ्यावर उरलेले सहकारी. पुढचा आलेख याच शर्यतीतल्या 2025 मधील मादलेन खिंडीचा आहे (18.6 किमी, 8.1 टक्के, 1220 गुण). पोलीन फेरां-प्रेव्होने जिंकलेल्या त्या टप्प्यात अंतिम रेषा माथ्यावरच होती, त्यामुळे तिथे जुने सूत्र पुरेसे ठरते का, हे तपासायचे आहे.