तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी चालतेय, मग विकत का नाही?

सोडियम-आयन बॅटरीवर, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीवर, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सोडियम तर मुबलक आहे, बॅटरी प्रयोगशाळेत चालतेय, पेपरही छापून आलेत. मग बाजारात यायला इतका वेळ का?" पीएचडी करणारी मुलंही हेच विचारतात, त्यांना स्वतःची कंपनी काढायची असते.

माझं उत्तर असं: संशोधनात तुमचा सगळ्यात चांगला सेल बघितला जातो, धंद्यात सगळ्यात वाईट.

प्रयोगशाळेतला सेल म्हणजे बहुतेक वेळा कॉइन सेल, 20 मिलिमीटर व्यासाची चकती. त्यात इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) सढळ हाताने घातलेलं असतं आणि कॅथोडसमोर, म्हणजे धन टोकासमोर, सोडियम धातूचा तुकडा असतो. दर सायकलला, म्हणजे एकदा चार्ज होऊन रिकामं होताना, थोडं सोडियम वाया गेलं तरी त्या तुकड्यातून भरून निघतं आणि क्षमतेचा आलेख छान सपाट दिसतो. विकायच्या सेलमध्ये असा राखीव साठा नसतो. कॅथोडमध्ये असेल तेवढ्या सोडियमवर जन्मभर भागवायचं. दर सायकलला 99.9 टक्के परत येतंय म्हटलं तर ऐकायला उत्तम वाटतं, पण 0.999 ला हजार वेळा स्वतःने गुणून बघा: 37 टक्केही उरत नाही. 99.99 असेल तर 90 टक्के उरतं. त्या एका जादा नऊसाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात आणि त्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

बरं, एक सेल जमला म्हणून झालं नाही. पॅकमध्ये सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडले की सगळ्यात दुबळा सेल जेवढी क्षमता देईल तेवढीच सगळ्यांची. म्हणजे हजारो सेल एकसारखे हवेत.

प्रशियन व्हाइटचंच घ्या. लोहावर आधारलेला कॅथोड, निकेल-कोबाल्ट नको, म्हणून माझ्या फार जिव्हाळ्याचा. पण त्याच्या स्फटिकांत पाणी अडकून बसतं. दोन-चार ग्रॅम पावडर रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवली की ते निघतं. शेकडो किलोंच्या बॅचमध्ये कडेची पावडर कोरडी होते आणि मधली ओलसर राहू शकते. वाळवलेली पावडरही हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेते, म्हणून पुढचं काम ड्राय रूममध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवलेल्या खोलीत. ती खोली चोवीस तास कोरडी ठेवायला वीज लागते. ती खर्चात येते, तशी कार्बनच्या हिशेबातही यायलाच हवी. स्वतःला शाश्वत म्हणवणाऱ्या कंपनीने हा आकडा लपवू नये, याबाबत मी आग्रही आहे.

आणि बाजार थांबून राहत नाही. 2022च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट, म्हणजे लिथियम बॅटरीचा कच्चा माल, टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं. वर्षभरात ते एक लाखाच्या घरात उतरलं. 'लिथियम महाग आहे' एवढ्याच आधारावर ज्यांनी सोडियमचं गणित मांडलं होतं, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिलेली अक्वियन ही कंपनी खाऱ्या पाण्याच्या बॅटऱ्या प्रत्यक्ष विकत होती, तरी 2017 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. अशा बातम्या मला मनापासून लागतात. त्यामागे किती जणांची उमेद असते हे जवळून माहीत आहे.

म्हणून 'पर्यावरणपूरक' हे विक्रीचं एकमेव कारण ठेवू नका. गिऱ्हाइकाला आज नडणारी गोष्ट शोधा. सोडियम-आयनमध्ये ॲनोडलाही (ऋण टोकालाही) तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते, त्यामुळे सेल खराब न होता शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून पाठवता येतो. धोकादायक माल हाताळणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं. पहिलं गिऱ्हाईक मोटार कंपनी नको, असंही मी सांगते; तिथली चाचणीच वर्षानुवर्षं चालते. जिथे वजनाची फिकीर नाही अशा स्थिर साठवणुकीपासून, म्हणजे एका जागी ठेवलेल्या वीजसाठ्यापासून, सुरुवात करा.

मुलांना एक गोष्ट मात्र घाईने सांगते: पेटंटचा अर्ज आधी, पेपर नंतर. युरोपात तुमचाच छापलेला पेपर तुमच्या पेटंटच्या आड येतो. पेटंटची मालकी विद्यापीठाची की तुमची, कंपनीला परवाना कोणत्या अटींवर, हेही गुंतवणूकदाराला भेटण्याआधी लेखी घ्या. आणि परिषदेत लावलेलं पोस्टरसुद्धा प्रकाशनच धरलं जातं.